गडग्यावर कोण बसलंय?

मे महिन्यात मुंबईची मंडळी घरी उतरली की तिसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. फोटो काढणारा परसात, मी स्वयंपाकघरात, मध्ये दहा पावलं. पण हाक मारायची पद्धत आता गेली. फोटोत बहुतेक वेळा एक शेपूट, अर्धा पाय आणि पुष्कळसा गडगा, म्हणजे आमचं दगडी कुंपण, असतो. खाली प्रश्न ठरलेला: "आत्या, हे विषारी आहे का गं?"

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. नाही. माणसाला विषबाधा करील अशी पाल, सरडा, सापसुरळी किंवा घोरपड कोकणातच काय, अख्ख्या भारतात नाही. गिला मॉन्स्टर आणि बीडेड लिझर्ड हे या बाबतीत खरोखर बदनाम असलेले प्रकार. ते राहतात अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात आणि मेक्सिको-ग्वाटेमालाच्या कोरड्या रानात. तिथून ते चालत गुहागरला यायचे नाहीत.

आता मूळ मुद्दा. इंग्रजीतल्या 'लिझर्ड'ला मराठीत नेमका शब्द नाही. शाळेत हे मला भाषेचं उणेपण वाटायचं. पुढे प्राणिशास्त्राची पुस्तकं चाळली तेव्हा उलटाच उलगडा झाला. इंग्रज जिथे एका शब्दात सगळे कोंबून मोकळा होतो, तिथे आपल्या आज्यांनी चार वेगळी नावं ठेवली: पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड. कोकणात घराभोवती जे जे दिसतं ते या चारांत बसतं, आणि शास्त्रज्ञांनी खवले-हाडं तपासून जी कुळं पाडली तीही नेमकी हीच चार. म्हणजे कुळापर्यंतची ओळख तुम्हाला घरबसल्या येते. फक्त प्राण्याकडे बघून योग्य नाव आठवायला हवं. अडतं ते इथेच, कारण आपण बघतो रंग.

रंगावर भरवसा ठेवू नका. तीच पाल दुपारी वाशावर मातकट असते आणि रात्री ट्यूबलाईटपाशी दुधी, जवळजवळ आरपार. सरड्याचं तर विचारूच नका. सापसुरळीचं पिल्लू लाल शेपटीचं आणि आई तपकिरी, असंही होतं. म्हणून भाच्याला मी सांगितलंय की "हिरवं होतं", "लाल होतं" हे मला शेवटी सांग. आधी सांग डोळा कसा होता, बोटं कशी होती, अंग खरखरीत होतं की तुकतुकीत, किती वाजता दिसलं आणि कशावर बसलं होतं.

डोळ्यापासून सुरुवात करू, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. आपल्या घरांतल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एकच पारदर्शक खवला असतो आणि तो ती जिभेने चाटून पुसते. बाहुली मांजरासारखी उभी. सरडा, सापसुरळी आणि घोरपड या तिघांना पापण्या असतात आणि बाहुली गोल असते. सापालाही पापण्या नसतात, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पाल नीट बघायची तर भिंतीवर बघू नका, खिडकीच्या काचेवर बघा. पावसाळ्यात दिव्याला किडे येतात, पाल काचेच्या बाहेरच्या बाजूला येऊन बसते आणि आपण आतून तिचं पोट बघत असतो. फुकटचा एक्स-रे. बोटांच्या खाली आडव्या घड्यांच्या गाद्या दिसतात, मधोमध दुभागलेल्या. त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक केस असतात. ईशान्य भारतात मोठी 'टोके' पाल असते. तिच्या एकेका पावलावर असे साधारण पाच लाख केस, आणि प्रत्येकाची टोकं पुन्हा शेकड्याने फाटलेली. 2000 साली संशोधकांनी त्यातल्या एका केसाची पकड मोजली. गोंद नाही, चिकट स्राव नाही, चोषण नाही. ही टोकं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की दोन्हीकडच्या रेणूंमधलं एरवी नगण्य असलेलं आकर्षण लाखोंच्या संख्येने एकत्र होतं आणि पाल तुळईला उलटी लटकते. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिची मात्रा चालत नाही. तुमच्या नॉन-स्टिक तव्यावर ती घसरेल.

त्याच काचेवर, पाल मादी असेल तर, पोटात दोन पांढरट गोल दिसतात. अंडी. या पाली एका वेळी बहुधा दोनच घालतात. मानेच्या दोन्ही अंगांना दोन पांढुरके फुगवटे दिसले तर त्या चुन्याच्या पिशव्या. कवचाला लागणारं कॅल्शियम ती तिथे साठवते. आमच्या वहिनीला हे दाखवलं तेव्हा ती आधी दोन पावलं मागे सरली, मग चष्मा आणायला गेली.

घराच्या आसपास पालीचे निदान तीन प्रकार सापडतात. भिंतीवरची नेहमीची, जिच्या पाठीला फारसे उंचवटे नसतात पण शेपटीवर बारीक काट्यांची कडी असतात, ती 'चक-चक-चक' करणारी घरपाल. बोलणी रंगात आली असताना ती बोलली की आपल्याकडे कुणीतरी चटकन बोट आपटून "खरं आहे" म्हणतं, आणि मनात शंकेची पाल चुकचुकते तीही हीच. दुसरी ठिपक्यांची, पाठीवर दाण्यांच्या ओळी असलेली. ती भिंतीच्या बुडाशी, लाकडांच्या राशीत, न्हाणीच्या दगडांत जास्त. तिसरी आंब्या-फणसाच्या खोडावरची, चांगली थोराड, राखाडी, सालीसारखीच नागमोडी नक्षी ल्यालेली. ती हलेपर्यंत दिसत नाही. मुंबईच्या इमारतींत पिवळसर पोटाची आणखी एक असते. यापुढे जातींच्या नेमक्या नावांत शिरायचं तर भिंग आणि चिकाटी लागते, आणि ही नावं शास्त्रज्ञही अधूनमधून बदलत असतात.

पालीबद्दलच्या भीतीत एक धागा खरा आहे. तिच्या अंगात विष नाही, पण विष्ठेत साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. दुधात पाल पडली तर दूध ओतून द्यायचं ते एवढ्यासाठी. पंचांगात पल्लीपतनाची, म्हणजे अंगावर पाल पडण्याची, जी फळं दिलेली असतात त्यांत यातलं काही लिहिलेलं नाही. विष्ठा ओळखायची खूण सोपी आहे: काळी लेंडी आणि टोकाला पांढरा ठिपका. पांढरं नसेल तर तुमच्याकडे उंदीर झालेत. अजून एक. घरात पाली फार झाल्या की त्यांच्या मागावर रात्री कवड्या साप येतो. तो बिनविषारी, पण पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं उलट. तरीही साप बघून पट्टे मोजत बसू नका, सर्पमित्राला बोलवा.

सरड्याकडे वळू. सकाळी नऊच्या उन्हात गडग्याच्या सर्वांत वरच्या चिऱ्यावर मान ताठ करून जोर काढल्यासारखा खाली-वर होणारा, मानेपासून पाठीवर काट्यांचा तुरा असलेला, अंगाच्या दुपटीहून लांब शेपटीचा; दुसरा कोण असणार? सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्याने केली त्याने सरडा नीट पाहिला होता. नर आपली हद्द राखतो आणि हद्दीवरच्या उंच जागी बसून इतरांना बजावत असतो. पावसाच्या तोंडावर त्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो, गालाशी काळा डाग येतो. याच रंगावरून तो लांबूनच माणसाचं रक्त शोषतो ही अफवा निघाली. इंग्रजांनीही त्याला तेच नाव दिलं. लाली असते मादीसाठी आणि दुसऱ्या नरासाठी. भांडणात हरला की काही मिनिटांत उतरते. म्हणजे सरडा रंग बदलतो तो लपण्यासाठी, असं आपण जे राजकारण्यांविषयी बोलताना धरून चालतो, ते फारसं बरोबर नाही. त्याचा रंग ऊन, राग आणि भीती यांवर हलतो.

जुलैत एकदा पायरीसमोर मादी सरडा पाहिली. पावसाने मऊ झालेल्या मातीत पुढच्या पायांनी खड्डा खणला, त्यात मागच्या बाजूने बसून अंडी घातली, मग माती लोटली आणि नाकाने ठोकून ठोकून जागा सारखी केली. शेवटी इतकं बेमालूम झालं की मी खूण म्हणून नारळाची करवंटी ठेवली नसती तर मलाच जागा सापडली नसती. करवंटी दुसऱ्या दिवशी कुणीतरी चुलीत घातली, तो भाग वेगळा.

रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडलात तर फांद्यांच्या शेंड्यांना फिकट, जवळजवळ पांढरे सरडे झोपलेले दिसतात. रात्री झाडावर पांढरं काही दिसलं म्हणून पाल म्हणू नका. पाल त्या वेळी कामावर असते.

लोक ज्याला खरा रंग बदलणारा समजतात तो शॅमेलिऑन वेगळा. पुस्तकी मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात. भारतात त्याची एकच जात आहे. डोळे दोन दिशांना फिरणारे, बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली, शेपूट गुंडाळलेली, आणि चाल अशी की पाऊल टाकण्याआधी तीनदा विचार करतो. गडग्यावरून सुळकन पळाला तो हा नव्हे. गोव्याकडच्या कुळागरांत आणि त्याला लागून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला सुपारीच्या पोफळीवरून पोफळीवर तरंगत जाणारा उडता सरडाही आहे. बरगड्यांच्या आधाराने कातडीचे पंखे पसरतो. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला मी तो पाहिलेला नाही आणि पाहिल्याचं कुणी सांगितलं तर मी फोटो मागते.

घाटावरचा एक सरडा इथे आणल्याशिवाय राहवत नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याशी निळा-काळा-नारिंगी पंखा उलगडणारा सरडा असतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवली तेव्हा तिचं शास्त्रीय नावच 'सराडा' ठेवलं. मराठी शब्द, लॅटिनच्या रांगेत.

सापसुरळीवर सर्वांत जास्त अन्याय होतो. तुकतुकीत, तेल लावल्यासारखं अंग, आखूड पाय, मान कुठे संपते ते कळत नाही, आणि पाचोळ्यात शिरताना सळसळत जाते. म्हणून सापाची मावशी. आमच्याकडे केरसुणी पहिल्यांदा हिच्यावर उठते. पण क्षणभर थांबून बघा. पाय आहेत. डोक्याच्या बाजूला कानाचं भोक आहे. सापाला बाहेरून कान नसतो. आणि ती डोळे मिटते. सापाला ते जमत नाही. नेहमी दिसणारी मोठी सापसुरळी कांस्याच्या रंगाची, अंगाच्या कडेने फिकट रेघ असलेली. हात लावून बघाल तर खवल्यांवर बारीक कंगोरे लागतात, पण हात लावू नका, कारण शेपूट सोडून जाईल. कुंडीखाली, शेणखतात, सुक्या झावळ्यांच्या राशीत दुसरी एक बारीक, गांडुळाला पाय फुटल्यासारखी सापसुरळी सापडते. तिची पिल्लं लाल शेपटीची. मुलं घाबरतात ती हिलाच.

लाल कशाला? शेपूट वाचली नाही तरी चालते, डोकं वाचायला हवं. पक्ष्याची किंवा मांजराची नजर भडक शेपटीकडे जाते, तिथे झडप पडते, शेपूट तुटते आणि वळवळत राहते, मालकीण निसटते. तुटायची जागा आधीच ठरलेली असते. शेपटीच्या मणक्यांतच कमकुवत रेषा असतात. पुन्हा उगवते तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग दांडी असते, म्हणून नवी शेपूट सपक, वेगळ्या रंगाची दिसते. यातून ओळखीची एक युक्ती मिळते. अंगणात एकटीच वळवळणारी शेपूट सापडली तर ती पालीची किंवा सापसुरळीची. आपल्या गडग्यावरचा सरडा शेपूट सोडत नाही, घोरपडही नाही.

घोरपड ओळखायला काय लागतं, असं वाटेल. मोठी झालेली ओळखू येतेच. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत जाते. गोंधळ पिल्लांचा होतो. ती वीतभर, काळसर अंगावर पिवळे ठिपके आणि पट्टे असलेली, आईपेक्षा कितीतरी झगझगीत. तेव्हा जीभ बघायची. लांब, सापासारखी दुभागलेली जीभ सारखी आत-बाहेर होत असेल तर घोरपड. मान लांब, पाठीला तुरा नाही. चिपळूणकरांना एक जादा सूचना: पुरात वाशिष्ठीतून मगरी गावात येतात, त्यांची पिल्लंही. पाठीवर हाडांच्या ढालीच्या ओळी असतील तर घोरपड समजून जवळ जाऊ नका.

घोरपड शेणकिडे, खेकडे, अंडी, उंदीर, प्रसंगी साप खाते. कोंबडीची अंडी तिने खाल्ली म्हणून तिच्यामागे दांडकी घेऊन धावण्याआधी हे ध्यानात घ्या की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. गणपतीच्या आरतीत वाजणाऱ्या घुमटाला पूर्वी तिचंच कातडं लागायचं. आता बकऱ्याचं लावतात. आवाज तसा येत नाही म्हणणारे जुने वादक भेटतात, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नसेल, पण वाजवायचं ते बकऱ्याचंच. 'हत्थाजोडी' नावाने पूजेच्या सामानात मिळणारी दुर्मीळ मुळी तर मुळीच नसते. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे 2017 मध्ये चव्हाट्यावर आलं. घोरपड विहिरीत पडली किंवा माळ्यावर अडकली तर वनविभागाला 1926 वर कळवा.

चार घराण्यांची ही ओळख परमुलखातही उपयोगी पडते. माझा चुलतभाऊ आखातात नोकरीला आहे. मागे त्याने साईटजवळच्या वाळवंटातला फोटो पाठवला: हातभर लांब, जाडजूड, कासवासारखं बोथट तोंड, आणि शेपटीवर काट्यांची कड्यावर कडी. "इकडे दब्ब म्हणतात. घोरपडच ना?" मी नेहमीचेच प्रश्न विचारले. पापण्या आहेत. मग पाल नाही. अंग तुकतुकीत नाही, म्हणून सापसुरळी बाद. जीभ दुभागलेली दिसली का? नाही, तो झुडपाचा पाला खात होता. मग घोरपडही नाही. उरला सरडा, आणि तो आहेही त्याच कुळातला, शाकाहारी, बिळात राहणारा. आपल्या थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये त्याचा भाऊबंद राहतो, सांडा. बाजारात रस्त्याकडेला ज्याचं तेल म्हणून विकतात तो हाच बिचारा. त्या तेलाने कुणाचं काही ताठ झाल्याचं ऐकिवात नाही.

आता अपवाद. पाल म्हणजे भिंतीवर चढणारी, असं आपण धरून चालतो, पण आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक पाल आहे जी भिंतीच्या वाटेला जात नाही. कातळावर सुटे दगड पडलेले असतात, त्यांच्या खाली ती दिवस काढते आणि रात्री जमिनीवरच हिंडते. बोटभर, तपकिरी, अंगावर पांढरे आडवे पट्टे. बोटांच्या गाद्या घरपालीसारख्या पसरट नाहीत. शास्त्राला ती 1963 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून माहीत झाली, आणि कोकणातल्या जांभ्याच्या पठारांपलीकडे ती जवळपास कुठेच नाही. सडा म्हणजे पडीक जमीन, असं सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. तिथे चिरेखाण सुरू झाली किंवा सुरुंग लावून आंब्याचे खड्डे मारले की आधी जातात ते हे सुटे दगड.

भाचा आता मोठा झाला, ती पाल बघायचीच म्हणून गेल्या खेपेला मागे लागला. मी त्याला नेलं, पण दगडाला हात लावू दिला नाही. रत्नागिरीच्या सड्यावर त्याच दगडांखाली फुरसं बसतं, आणि त्याच्याबाबतीत विषारी आहे का हा प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही. आमच्या गड्याने लांब काठीने दगडाची पलीकडची कड उचलली, म्हणजे फट आपल्याकडे न उघडता समोर उघडते. पहिल्या दोन दगडांखाली विंचू. तिसऱ्याखाली ती होती, शेपूट अंगाशी वळवून. टॉर्चच्या उजेडात डोळा दिसला, उभी बाहुली, पापणी नाही. दगड पुन्हा ठेवताना गड्याने त्याला बजावलं, ज्या खाचेत होता त्याच खाचेत, त्याच बाजूने. उलटा टाकलास तर खालची ओल एका दुपारात उडते.